गिरिभ्रमणास रिव्हॉल्वर कशाला?

‘कोणते रिव्हॉल्वर घ्यावे?’ हा प्रश्न आमच्या ठाणे-डोंबिवलीकडील सुशिक्षित मंडळींत हल्ली ज्या सहजतेने विचारला जातो, ती सहजता पाहून प्रस्तुत लेखकास प्रथम नवल वाटले व मागाहून काळजी वाटू लागली. प्रश्न विचारणारे कोणी गुंडपुंड नव्हेत. बँकेतील अधिकारी, डॉक्टर, कारखान्यांतील अभियंते, एखाददुसरा आमच्याच पेशातील अध्यापक, अशी ही मंडळी आहे. शनिवारी रात्री कसाऱ्याकडे जाणारी गाडी धरावी, आसनगावास उतरून माहुलीची वाट चालू लागावी किंवा कल्याणहून एस्टीने मुरबाड गाठून गोरखगडाच्या पायथ्याशी पथारी पसरावी, रविवार डोंगरात घालवावा आणि सोमवारी वेळेवर कचेरीत हजर व्हावे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. तो स्तुत्य आहे यात वाद नाही. परंतु आताशा या मंडळींच्या गप्पांत दोर, शिधा आणि पायवाटा यांच्या जोडीला एक नवा विषय येऊन बसला आहे. बत्तीस बोअरचे घ्यावे की बावीसचे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे घ्यावे की परदेशी बनावटीचे. २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून निघालेले अर्ध्या किलो वजनाचे ‘निर्भीक’ बरे, की २०२३ साली निघालेले, पन्नास मीटरपर्यंत मारा करते म्हणून गाजलेले ‘प्रबल’ बरे. पट्टा कमरेस बांधावा की काखेत, असा खल तासन्‌तास चालतो. जणू पावसाळी बूट कोणत्या दुकानी स्वस्त मिळतात याचीच ही विचारपूस! कोणते घ्यावे याच्या चर्चेस एक तास आणि का घ्यावे याच्या चर्चेस एक मिनिटही नाही, हा जो उलटा क्रम, त्यावर आमचा रोख आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांस राग यावयाचा त्यांस लवकर येईल. सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाचे ज्या गोष्टींपासून रक्षण व्हावयास पाहिजे त्यांपैकी एकीपासूनही रिव्हॉल्वर त्याचे रक्षण करीत नाही. आणि ज्यांच्या आधारावर तो तेथे हिंडतो त्या माणसांस मात्र ते पहिल्या क्षणी संशयित ठरविते. पहिला दोष व्यवहाराचा आहे, दुसरा सभ्यतेचा. आम्हांस दुसरा अधिक लागतो. परंतु लोक पहिल्याचीच भाषा बोलतात, सबब तेथूनच आरंभ केला पाहिजे.

वन्य पशूंचे भय हे कारण नेहमी पुढे केले जाते. वन्य पशू म्हणजे आपल्या भागात बिबट्या. तो आहे, हे कोणीच नाकारीत नाही. येऊरच्या रानात त्याचा वास आहे. २० फेब्रुवारी २०१९ रोजी तो ठाणे शहरात, कोरम मॉलच्या आवारापर्यंत येऊन गेला व शेवटी जवळच्या एका हॉटेलाच्या तळघरात सापडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो कल्याण पूर्वेतील एका इमारतीत शिरला आणि काही माणसांस त्याने जखमी केले. दोन्ही खेपांस वनखात्याच्या लोकांनी भुलीचे औषध देऊन त्यास पकडले. आता या दोन प्रसंगांवरून काही अनुमान काढावयाचेच असेल तर ते असे निघते की, बिबट्याच्या भयाने रिव्हॉल्वर बाळगावयाचे तर ते माहुलीवर नव्हे, आपल्या इमारतीच्या जिन्यात बाळगावे लागेल. आणि जिन्यात, शेजाऱ्यांच्या बंद दारांसमोर, घाबरलेल्या गृहस्थाने सुटलेल्या जनावरावर गोळ्या झाडल्या असत्या, तर त्या दिवशी जखमींचा आकडा कमी झाला असता की वाढला असता, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

बिबट्या हल्ला करतो तो आव्हान देऊन करीत नाही. तो मागून येतो, बसलेल्या वा वाकलेल्या माणसावर येतो आणि माणसास त्याचा पत्ता लागतो तो अंगावर पंजा पडल्यावर. अमेरिकेतील सॉल्ट लेक शहराचे एक पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली असे दाखवून दिले होते की, सुरी घेतलेला साधा माणूस एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात तोडतो, आणि तेवढ्याच अवधीत सराव असलेला शिपाई जेमतेम आपले पिस्तूल बाहेर काढून एक गोळी झाडू शकतो. हे झाले सपाट जमिनीवर धावणाऱ्या मनुष्याचे. बिबट्याची गोष्ट निराळी आणि डोंबिवलीच्या गृहस्थाच्या सरावाची तर त्याहूनही निराळी. जिम कॉर्बेट यांचे नाव या प्रसंगी हटकून घेतले जाते. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे सव्वाशे माणसे मारली, आणि कॉर्बेट यांच्यासारख्या अद्वितीय नेमबाजासही त्यास टिपण्यासाठी रात्रीमागून रात्री झाडावर बसून काढाव्या लागल्या. तेही हाती रायफल असताना. रायफलीने जे इतके दुष्कर, ते तीन इंची नळीच्या बत्तीस बोअरने साधेल हा भरवसा आमच्या मित्रांना कोणी दिला?

जेथे कमरेस शस्त्र लावून डोंगर हिंडण्याची चाल आहे त्या अमेरिकेकडेही क्षणभर पाहू. तेथील राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून, त्या त्या राज्याच्या कायद्यास अनुसरून, शस्त्र बाळगण्याची मुभा आहे. तेथे अस्वले आहेत आणि त्यांच्यापुढे आमचा बिबट्या म्हणजे मांजर. तथापि अलास्कातील माणसे व अस्वले यांच्या झटापटींची छाननी करून जी पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीत असे आढळले की, ज्यांनी शस्त्र चालविले आणि ज्यांच्याजवळ शस्त्र असूनही ज्यांनी ते चालविले नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या इजेत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये गोरेगावच्या आरे वसाहतीत एका वृद्ध स्त्रीवर बिबट्याने मागून झडप घातली, तेव्हा त्या बाईने हातातील आधाराच्या काठीनेच त्यास परतवून लावले. ते दृश्य तेथील कॅमेऱ्याने टिपले व लाखो लोकांनी पाहिले. त्या काठीस ना परवाना लागतो, ना काडतुसे. डोंगरात काठी घेऊन जाण्याची आपली जुनी रीत अडाणीपणाची नव्हती.

आता रिव्हॉल्वर बाळगावयाचे ते नेमके कोठे? ज्याने पाठीवर मोठी सॅक घेऊन चढण चढली आहे त्यास ठाऊक आहे की, सॅकेचा पट्टा बरोबर कमरेवर बसतो आणि रिव्हॉल्वरचे म्यानही तेथेच बसावयास पाहते. दोघांचे भांडण लागले की म्यान हरते. कारण खांदे दुखू लागले म्हणजे शौर्यापेक्षा सॅकेचा पट्टा प्रिय वाटतो. मग रिव्हॉल्वर सॅकेत जाते. पावसाळ्यात काडतुसे भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जाते, ती पिशवी भाकऱ्यांच्या डब्याखाली जाते आणि सॅकेवर पावसाचे आवरण चढते. संकट आलेच तर त्यास, ‘जरा थांब, डबा बाजूला काढतो’, अशी विनंती करावी लागेल. यात विनोद आमचा नाही, वस्तुस्थितीचा आहे.

मग डोंगरात माणसे मरत नाहीत काय? मरतात आणि हीच तर दुःखाची गोष्ट आहे. निसरड्या कातळावरून पाय सुटून मरतात. धबधब्याखालच्या डोहात, पोहता येत नसता, मित्रांच्या आग्रहाने उतरून मरतात. धुक्यात वाट चुकून, रात्रभर भिजून, थंडीने गारठून मरतात. आग्या मोहोळाखाली चूल पेटवून मरतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर दगडाआड फुरसे असते, तांबडा विंचू असतो. या विंचवाच्या दंशाने एके काळी कोकणात किती लेकरे दगावली! महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यावर करून दाखविला आणि माणसे वाचू लागली. हे खरे रक्षण. बंदुकीच्या दुकानात सव्वा लाख रुपये मोजावयास निघालेल्या गृहस्थास आमचे पुसणे आहे की, आपल्या गटातील कितीजणांस पोहता येते? सर्पदंशावरील लस सर्वांत जवळ कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, हे निघण्यापूर्वी कोणी विचारून ठेविले आहे? मोडलेल्या हाडास फळी बांधावयास किती जण शिकले आहेत? या प्रश्नांना उत्तरे नसतात. कारण ही विद्या मिळविण्यास रविवार खर्ची घालावे लागतात, आणि रिव्हॉल्वर विकत मिळते.

‘पण पशूंचे सोडा, माणसांचे काय?’ असा पुढचा प्रश्न येतो. तो येतो म्हणूनच हा लेख लिहावा लागला.

कोणती माणसे? गडाच्या पायथ्याशी, माचीवर, रानाच्या कडेला कोण राहते? ठाकर राहतात, कातकरी राहतात, वारली, महादेव कोळी राहतात. माळशेजपासून भीमाशंकरापर्यंतच्या साऱ्या रांगेत शहरी भटक्यास पहिला चहा मिळतो तो त्यांच्या ओसरीवर. वाट दाखवावयास येतो तो त्यांचाच पोर. विहिरीचे पाणी आटले असता कोणता झरा अजून वाहतो हे सांगते ती त्यांचीच म्हातारी. माणूस हरवला म्हणजे लोणावळ्याच्या शिवदुर्गसारखी बचाव पथके धावून येतात, त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु पथक पोचेपर्यंत कंदील वा विजेरी घेऊन कड्याच्या तोंडाशी हाका मारीत उभे राहतात ते बहुधा गावचेच लोक. हे लोक रात्री-अपरात्री आलेल्या अनोळखी दहा-बारा जणांस अंगणात झोपू देतात. त्यांनी कधी त्यांचा परवाना मागितला आहे? कधी सामान तपासले आहे? दार उघडे ठेवून झोपणाऱ्याच्या अंगणात उशाखाली भरलेले रिव्हॉल्वर घेऊन निजावयाचे, यास आपण ‘खबरदारी’ म्हणतो. त्या यजमानास हे कळले तर तो यास काय म्हणेल, याची कल्पना आम्हांस करवत नाही.

कोणी म्हणेल, रिव्हॉल्वर यजमानासाठी नाही, चोरासाठी आहे. ठीक, परंतु अंधारात, भाषा अर्धवट समजत असता, रानातून पुढे आलेली काळी आकृती यजमानाची की चोराची, हे ठरविणार कोण? ठरविणार तो, ज्याच्या मनात घरून निघतानाच ‘आदिवासी भाग, सांभाळून’ हे शब्द घोळत आहेत. शस्त्र हाती असलेला मनुष्य समोरच्याकडे शस्त्राच्या दृष्टीनेच पाहू लागतो. आणि भय एकाच बाजूस असते असे थोडेच आहे? १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर भागातील गडचिंचले येथे काय झाले ते स्मरावे. चोर फिरत असल्याच्या अफवांनी गावेच्या गावे जागत होती. अशा वेळी तेथून जाणाऱ्या दोन साधूंस आणि त्यांच्या चालकास जमावाने ठार केले. ते कृत्य निंद्य होते, त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु भ्यालेल्या गावात रात्री शिरणाऱ्या परक्याचे रक्षण कशाने होईल, हा आपला प्रश्न आहे. शेकडोंच्या जमावापुढे सहा गोळ्या! परक्यापाशी शस्त्र आहे हे दिसताच अफवा खरी ठरते, एवढेच. अशा रात्री माणूस वाचलाच तर तो गावात आधी निरोप धाडल्याने, पोलीस-पाटलाची ओळख असल्याने, उजेडी पोचल्याने वाचेल.

या डोंगरांत शस्त्रांचा जो इतिहास घडला तो तरी काय सांगतो? मुरबाडच्या सिद्धगडावर जाणाऱ्यांपैकी बहुतेकांस तेथील स्मारक ठाऊक असते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांस सारे भाई कोतवाल म्हणत, त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ साली मुंबईस वीज पुरविणारे मनोरे पाडून सरकारची झोप उडविली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांस गाठले, आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथेच गोळ्यांस बळी पडले. त्याआधी सरकारचा ससेमिरा पाठीस असता हा दस्ता रानात तगून राहिला, तो या भागातील गोरगरिबांच्या अन्नावर व मौनावर. ज्या खेड्यापाड्यांचा विश्वास ही त्या वीरांची ढाल होती, त्यांच्यामधून आज कोणाचाही पाठलाग नसलेला गृहस्थ कमरेस रिव्हॉल्वर लावून, दचकत दचकत जाऊ पाहतो.

आता न्यायाने हेही मान्य केले पाहिजे की, डोंगरात उपद्रवी माणसे भेटतच नाहीत असे नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर दारूच्या बाटल्या घेऊन जमणारी टोळकी कोणी पाहिली नाहीत? तेथे आयाबहिणींस जो त्रास होतो तो खोटा नाही. परंतु ही टोळकी ठाकरवाडीतून येत नाहीत. ती आपल्याच गाडीने, आपल्याच फलाटावरून, बहुधा आपल्याच गल्लीतून येतात. दहा मद्यप्यांच्या टोळक्यासमोर एका भल्या माणसाने रिव्हॉल्वर काढले म्हणजे काय होईल? एक तर तो ते चालवील आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवील; किंवा चालविणार नाही, आणि मग ते त्याच्या हातात राहणार नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तीतही, जुन्या दंडविधानाप्रमाणेच, खासगी बचावाचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु बचावास आवश्यक तेवढीच इजा करण्याचा तो हक्क आहे. जबरी चोरी कोणती आणि साधी चोरी कोणती, यांतील भेद आमचे वकील मित्र दिव्याखाली ग्रंथ उघडून सांगतात. तो भेद धबधब्याच्या आवाजात, धडधडत्या छातीने, एका क्षणात करावयाचा आहे!

शस्त्र हाती असलेला प्रतिष्ठित मनुष्य शस्त्र नसलेल्या प्रतिष्ठित मनुष्याहून शांत राहतो, असा एक गोड समज आहे. त्यावर आमच्याच भागातील एक दाखला पुरे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, म्हणजे मलंगगडाच्या वाटेवरच, एका लोकनियुक्त आमदाराने प्रतिस्पर्धी पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याची वार्ता साऱ्या देशाने ऐकली. स्थळ पोलीस अधिकाऱ्याचे दालन, निमित्त जमिनीचे भांडण. दोषनिश्चिती न्यायालयाची, तिच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. आम्हांस कर्तव्य आहे ते एवढ्याशीच की, पोलिसांच्या दालनातही जे शस्त्र खिशात राहिले नाही, ते धबधब्यावरच्या शिवीगाळीत खिशात राहील असे मानण्यास आधार कोणता? आणि ३१ जुलै २०२३ रोजी जयपूरहून मुंबईस येणाऱ्या गाडीत ज्या शिपायाने आपल्या वरिष्ठासह चार जणांस ठार केले, तो तर शिस्तीत वाढलेला, रक्षणासाठीच नेमलेला मनुष्य होता. आमच्या रविवारच्या वीरांस या दोहोंपेक्षा अधिक मनोनिग्रह साध्य झाला असेल तर तो त्यांनी अवश्य प्रकट करावा. कॉलेजात त्याचे वर्ग काढता येतील.

गाडीवरून आठवले. शनिवारी रात्री डोंबिवलीच्या फलाटावर जो उभा राहिला आहे, आणि दारातल्या दांडीस एका हाताने लोंबकळत ज्याने कल्याण गाठले आहे, त्यास तेथे खिसा, घड्याळ व चष्मा शाबूत ठेवणे किती जिकिरीचे ते सांगावयास नको. त्या रेटारेटीत भरलेले शस्त्र! ते हरवले तर मालकाच्या मागे लागणारा तपास एकीकडे राहू द्या. ते सापडले कोणास, हा खरा प्रश्न आहे.

मुलींच्या रक्षणाचा मुद्दा काढला म्हणजे समोरचा गप्प बसतो असा अनुभव आहे. आम्ही गप्प बसणार नाही. मुली आज डोंगरात जातात, कडे चढतात, गटांचे नेतृत्व करतात, ही आमच्या पिढीने पाहिलेल्या मोजक्या निर्भेळ आनंदाच्या गोष्टींपैकी एक आहे. दिल्लीच्या २०१२ सालच्या अत्याचारानंतर ‘निर्भीक’ हे नाव देऊन स्त्रियांसाठी रिव्हॉल्वर काढण्यात आले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे मोलकरणीस नाही, परिचारिकेस नाही, शेवटच्या गाडीने परतणाऱ्या दुकानातील मुलीस नाही. निर्भय व्हावयाचे ते सव्वा लाखवालीने. आणि तिने तरी कोणावर ते रोखावयाचे? स्त्रीस त्रास देणारा पुष्कळदा ओळखीचा असतो, गटातला असतो, कधी गटाचा म्होरक्याच असतो. तेथे उपयोगी पडते ती सोबतच्या चार जणींची एकजूट, तक्रार ऐकून घेणारे मंडळ आणि ‘तू गेलीसच कशाला?’ असे न विचारणारा बाप. यांपैकी एकही वस्तू कानपुरास बनत नाही. बापाने मुलीच्या हाती रिव्हॉल्वर देऊन आपले कर्तव्य संपले असे मानावे, हे आम्हांस प्रेमाचे नव्हे, सुटका करून घेण्याचे लक्षण वाटते.

याहून वजनदार आक्षेप आणखी एक आहे, आणि तो घेणारे लोक इतिहास वाचलेले असल्यामुळे त्यांस आदराने उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, लॉर्ड लिटनने १८७८ साली हत्यारांचा कायदा करून या राष्ट्रास नि:शस्त्र केले; गोऱ्यांस सूट आणि आम्हांस बंदी, हा अपमान आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसला; आता स्वराज्यातही शस्त्रास भिण्याची ती गुलामी वृत्ती तुम्ही शिकविता काय? त्या कायद्याविषयीचा संताप योग्यच होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना खुद्द गांधीजींनी त्या कायद्यास इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांतील सर्वांत काळे ठरविले होते. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा अंतर्भाव झाला. परंतु तो संताप एका समूहाचा, सत्तेविरुद्धचा होता. एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या हातातील हत्यार काढून घ्यावे हा अन्याय. त्याची भरपाई एका सोसायटीतील एका सभासदाने बाकीच्यांपासून आपले रक्षण करण्यासाठी हत्यार घेतल्याने होते, हे तर्कशास्त्र अजब आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकास जॅक्सनवर ज्याने पिस्तूल झाडले त्या अनंत कान्हेरे यास, कर्वे व देशपांडे या सोबत्यांसह, १९ एप्रिल १९१० रोजी आमच्या याच ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्याच्या मार्गाविषयी मतभेद असोत. पण त्या अठरा वर्षांच्या पोराने शस्त्र घेतले ते स्वतःचा जीव वाचविण्यासाठी नव्हते. त्याचे नाव घेऊन आपल्या कातडीच्या बचावाची खरेदी करू नये.

शिवाय स्वराज्याची घटना होत असता हा प्रश्न कोणी विसरले होते असेही नाही. १९४८ साली हरि विष्णु कामतांनी घटनासमितीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना आणली, आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. ज्या पुरुषाने सरंजामी हत्यारांची दहशत खाली राहून पाहिली होती, त्यास शस्त्रे सर्वांना समान मिळत नसतात हे आमच्या इतिहासभक्तांपेक्षा अधिक ठाऊक असावे.

राहता राहिला कायदा. ‘सरकारने परवाना दिला तर तुम्हांस काय?’ असे विचारणाऱ्यांनी तो एकदा वाचावा, एवढीच प्रार्थना. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्यास सबळ कारण मागतो; २०१६ च्या नियमांप्रमाणे अर्जदारास शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते, आणि सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उघडे मिरविण्यास मनाई आहे. परंतु डोंगर हिंडणाऱ्याने वाचावयाचा कायदा तो नव्हेच. तो आहे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या एकतिसाव्या कलमान्वये, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आगाऊ लेखी परवानगीवाचून अभयारण्यात कोणतेही शस्त्र घेऊन शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांसही हेच कलम लागू आहे. आता आपले डोंगर मोजा. येऊर राष्ट्रीय उद्यानात. माहुली तानसा अभयारण्यात. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. कर्नाळ्याचे तर नावच पक्षी अभयारण्य. ज्या बिबट्याच्या भयाने रिव्हॉल्वर घ्यावयाचे तो बिबट्या जेथे निश्चित आहे, नेमके तेथेच ते नेता येत नाही. घ्यावयाचे ते रानासाठी, आणि ठेवावयाचे ते घरातल्या कपाटात, चाव्यांच्या जुडग्यासह, जेथे मुले मोठी होत आहेत आणि जेथे घरातील कोणाची एखादी रात्र फार वाईट जाऊ शकते. ज्या अमेरिकेचे अनुकरण आम्ही करू पाहतो, तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून अधिक आत्महत्येचे असतात. त्या बंदुका विकत घेणाऱ्यांनी त्या स्वतःसाठी म्हणून थोड्याच घेतल्या होत्या? त्याही रक्षणासाठीच घेतल्या होत्या.

ठाणेकरांस आणखी एक कलम लागू आहे, आणि ते आमच्या बहुतेक मित्रांच्या गावीही नाही. त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यास शस्त्राचा नवा परवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत वसलेले ठाणे शहर त्या टप्प्यात येते. म्हणजे येऊरच्या बिबट्यापासून बचाव व्हावा म्हणून घोडबंदर रस्त्यावरील गृहस्थाने अर्ज केला, तर पोलीस आयुक्तांचा होकार पुरणार नाही. ज्याच्याकडे त्या बिबट्याच्या रक्षणाचा भार आहे, त्या नागपूरच्या अधिकाऱ्याचाही होकार घ्यावा लागेल. अर्जातील ‘कारण’ या रकान्यात आमचे मित्र काय लिहितात, ते वाचावयास मिळाले तर बरे होईल.